काडी कशाला बांधली? कापसाच्या ट्रकच्या ऑइल गळतीचं एक प्रकरण

मारेगावहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक सहाचाकी ट्रक दारात येऊन उभा राहिला. झरी-जामणीकडच्या गावांतून कापूस भरायचा आणि वणीच्या जिनिंगवर खाली करायचा, हे त्याचं हंगामातलं काम. गाडी जुनी, इंजिन सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं. मालक साठीचे शेतकरी, घरची एकच गाडी, आणि चालवायला सख्खा भाचा. गाडी थांबून पाच मिनिटं झाली नाहीत तोच बेल हाउसिंगच्या खाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, तळहाताएवढा काळा डाग पडला.

काकाजी खाली उतरले ते चिठ्ठ्यांचं पुडकं हातात घेऊनच. गेल्या तीन आठवड्यांत दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे बोल्ट आवळले. दोन दिवसांत गळती परत. दुसऱ्या ठिकाणी गिअरबॉक्स उतरवला, क्रँकचं मागचं ऑइल सील नवं टाकलं, तेलानं भिजलेली क्लच प्लेटही बदलली. चौथ्या दिवशी पुन्हा तोच डाग. मग तिथल्या मिस्त्रींनी सांगितलं की इंजिनमध्ये दम राहिला नाही, लायनर-पिस्टन घालून बांधावं लागेल.

"मिस्त्रीभाऊ, इंजिनच बांधा लागते म्हणतेत," काकाजी म्हणाले. "तेवढा पैसा या घडीले नाई माह्याजवळ. तुमी एकडाव पाहून सांगा. तुमीबी तेच म्हणसान तर इकून टाकतो गाडी."

आधीच्या दोघांना मी इथे नावं ठेवणार नाही. बेल हाउसिंगमधून काळं ऑइल टपकत असेल तर दहापैकी नऊ मिस्त्री क्रँकच्या मागच्या सीलकडेच बोट दाखवतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. ही गाडी त्या उरलेल्या वेळेची होती. ते ओळखायला लागणारी खूण गाडीवर उघड्यावर होती, तीही रबरी पट्ट्यानं बांधलेली. पण ती मलाही पहिल्या तासात दिसली नाही.

आधी तेल कोणतं, मग कुठलं

कोणत्याही गळतीत पाना हातात घेण्याआधी मी बोट बुडवून पाहतो. बेल हाउसिंगमध्ये दोन्ही बाजूंनी तेल येऊ शकतं, मागून गिअरबॉक्सचं आणि पुढून इंजिनचं. गिअरबॉक्सचं ९० नंबरचं तेल दाट असतं, तपकिरी असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की तो वास कधी चुकत नाही. इथलं तेल काळं होतं, त्यामानानं पातळ आणि बिनवासाचं. म्हणजे इंजिनचं.

दुसरी शंका डिझेलची. फीड पंपाचं सील गेलं की डिझेल आतल्या आत चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, लेव्हल चढते आणि पातळ झालेलं ऑइल जिथून वाट मिळेल तिथून पाझरतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बोटानं एक थेंब टाकला आणि चहा पिऊन झाल्यावर पाहिला. डिझेल मिसळलेलं असलं तर मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट वर्तुळ लांबवर पसरतं आणि वासही लागतो. इथे तसं काही नव्हतं. ऑइल काळं असलं तरी अंगानं ठीक होतं.

मग धुलाई. गळती शोधण्यातला हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग. तेल जिथून निघतं तिथे ते दिसत नाही. ते खाली ओघळतं, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्यानं मागे ढकललं जातं, आणि शेवटी सगळ्यात खालच्या, सगळ्यात मागच्या जागी येऊन टपकतं. ट्रकमध्ये ती जागा म्हणजे बेल हाउसिंग. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, ऑइल प्रेशरचा छोटा स्विच, कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचा कप प्लग, चेंबरचं मागचं पॅकिंग, यांतलं काहीही गळलं तरी डाग तिथेच पडतो. अल्टरनेटर, सेल्फ आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं बांधून घेतलं. इंजिन आधी डिझेल आणि ब्रशनं, मग साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि उन्हात वाळू दिलं. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून आत साचलेलं तेल ओघळू दिलं, नाहीतर जुनंच तेल नवी गळती म्हणून फसवतं.

वाळलेल्या इंजिनवर मी टाल्कम पावडर फुंकली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ कुठे उमटते ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं. शाळेतल्या खडूची पूडही चालते. आमच्याकडे राजूरच्या भट्ट्यांचा चुना हाताशी असतो आणि काही जण तोच वापरतात. त्यांना हात जोडून सांगतो, वापरू नका. कळीचा चुना ओल लागली की तापतो, आणि गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाच्या डोळ्यात तो गेला तर कायमची इजा होऊ शकते.

इंजिन चालू केलं. वीस मिनिटं स्लोवर चाललं आणि कुठेच काही नाही. टॅपेट कव्हर कोरडं, ऑइल फिल्टर कोरडा, प्रेशर स्विच कोरडा. माझा शिकाऊ पोरगा म्हणाला, "गळतच नाई ना भाऊ!" मग रेस वाढवून धरली आणि खाली ट्रे ठेवला. अर्ध्या तासात ट्रेमध्ये मापानं ९० मिली ऑइल जमलं. पावडरीवर दोन जागी ओल दिसली. एक चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात आणि दुसरी बेल हाउसिंगच्या भोकाशी. स्लोवर शून्य आणि रेसवर एवढं, हा फरक मला खुपला. सीलची धार कापली गेली असती तर स्लोवरही थोडंफार तेल आलंच असतं.

ट्यूबचा पट्टा

तेवढ्यात लेव्हल पाहावी म्हणून मी काडी, म्हणजे ऑइलची डिपस्टिक, काढायला गेलो. ती निघेना. तिच्या कडीत जुन्या ट्यूबचा रबरी पट्टा अडकवून खालच्या ब्रॅकेटला ताणून बांधला होता, आणि नळीच्या तोंडाशी चिंधी गुंडाळली होती.

"ही काडी कायले बांधली रे?"

"वर येऊन राहिली होती जी," भाचा म्हणाला. "तेल उडे तिथून. म्हणून म्या पट्टा बांधला. मंग तिथून याचं बंद झालं."

"अन् खालून गळाचं कवापासून सुरू झालं?"

त्यानं थोडा विचार केला. "त्याच्यानंतरच. तीन-चार रोजानं."

आधीच्या दोन्ही ठिकाणी हा पट्टा होता तसाच राहिला. कोणी विचारलं नाही म्हणून यानं सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे हे त्या बिचाऱ्याला वाटलंही नसावं. त्यानं तर एक गळती स्वतःच्या हुशारीनं बंद केली होती.

पट्टा सोडला, इंजिन चालू केलं, रेस दिली. काडी आपोआप दोन बोटं वर आली आणि नळीतून फस्स करून धूर आणि तेलाचे बारीक शिंतोडे उडाले. आमच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत उतरतोच. तो बाहेर पडायला इंजिनला ब्रीदर दिलेला असतो. या गाडीत टॅपेट कव्हरवर ब्रीदर आहे आणि त्याला जोडलेला रबरी पाइप इंजिनच्या बाजूनं खाली येऊन चेसिसजवळ उघडाच सोडलेला आहे. बॅक जास्त असेल तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर वायू खाली फार उतरतोय, म्हणजे रिंगा-लायनर गेले. किंवा उतरतोय तेवढाच, पण त्याची बाहेर पडायची वाट बुजली आहे. पहिल्याचा खर्च इंजिन बांधण्याचा. दुसऱ्याचा जवळपास काहीच नाही. काडी उडाली एवढ्यावरून या दोघांतला फरक कळत नाही, आणि इंजिन बांधायला सांगणारे बहुधा इथेच घाई करतात.

रेसवर असताना पाइपच्या खालच्या टोकाशी मी तळहात धरला. तिथे गरम, तेलकट फुंकर लागायला हवी. काहीच लागलं नाही. क्लिप सैल करून पाइप वरून, ब्रीदरच्या तोंडापासून ओढून काढला, तर कव्हरमधून भसकन धूर निघाला, मग हळूहळू शांत होऊन एकसारखा, मंद वाहू लागला. काडी आपल्या जागी बसून राहिली.

पाइप उभा चिरला. खालच्या टोकापासून वीतभर आत, वळणाच्या जागी, वाळून दगड झालेली काळी माती होती. एकामागे एक तीन कप्पे, आणि कप्प्यांमध्ये वाळलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर. ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर बांधते, पिल्लांच्या खाण्यासाठी डंख मारून लुळे केलेले कोळी आत भरते आणि तोंड लिंपून टाकते. भिंतीचे कोपरे, दाराच्या चौकटी, बंद पडलेल्या पंपाच्या नळ्या, अशा आडोशाच्या जागा तिला आवडतात. वरून ऑइलचा चिकटा येऊन मातीत मुरलेला, त्यामुळे ते बूच डांबरासारखं घट्ट झालं होतं.

"गाडी उभी कवापासून होती?" मी काकाजींना विचारलं.

"मिरगापासून. पोळा झाला, दसरा झाला, तवरिक निंबाखालीच होती. कापूस निंघाले लागला तवा काहाडली."

चार महिने गाडी निंबाखाली उभी, आजूबाजूला पावसाळ्याची ओली काळी माती, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर एक अंधारी, कोरडी नळी. माशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार होती? हंगाम सुरू झाला तेव्हा क्रँककेसला श्वास सोडायला जागाच नव्हती. दाब आधी सगळ्यात सैल जागेतून, काडीच्या नळीतून निघाला. ती बांधल्यावर चेंबरचं पॅकिंग आणि मागचं सील उरलं. नवं सील टाकलं तरी दाब तोच राहिला, म्हणून तेही चार दिवसांत ओलं झालं.

काकाजींना मी शेताचंच उदाहरण दिलं. वावराचा निकास बुजला की पाणी धुरा फोडतं. फुटलेल्या जागी माती टाकली तर पुढच्या पावसात दुसरीकडे फुटतं. त्यांनी चिरलेला पाइप हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "म्हंजे धुराच बांधत बसलो आपण," एवढंच म्हणाले.

दाब मोजून पाहिला

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धं काम झालं असतं. रिंगा ठीक आहेत हे नुसत्या धुराकडे पाहून सांगणं मला पटत नाही. समोरचा माणूस गाडी विकायला निघालेला असताना तर नाहीच. त्यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर खिळली, निम्मी पाण्यानं भरली आणि एक टोक काडीच्या नळीवर घट्ट बसवलं. दुसरं टोक मोकळं. फळी काडीच्या तोंडापेक्षा बरीच खाली ठेवायची, म्हणजे पाणी इंजिनकडे जायची भीती राहत नाही. क्रँककेसमध्ये दाब आला की एका बाजूचं पाणी खाली जातं आणि दुसरीकडे चढतं. दोन्हींतला फरक म्हणजे दाब. सुमारे दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे एक बार, म्हणजे दहा सेंटिमीटर फरक झाला तर बारचा शंभरावा भाग.

आधी मुद्दाम ब्रीदरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. रेस देताच पाणी नळीतून कारंज्यासारखं बाहेर उडालं. नळीची एकेक बाजू चाळीस सेंटिमीटरची होती, म्हणजे फरक चाळीसच्या वर गेला. मग ब्रीदर मोकळा सोडून तीच रेस दिली, तर फरक अडीच ते तीन सेंटिमीटर. जुन्या इंजिनला हे माझ्या अनुभवात चांगलं आहे. ब्रीदर मोकळा असूनही पाणी उडालं असतं तर मीही काकाजींना इंजिन बांधा असंच सांगितलं असतं. ही नळी दोन-अडीचशे रुपयांत तयार होते, आणि लाखाच्या घरातला निर्णय तिच्यावर तोलता येतो. प्रत्येक गॅरेजमध्ये ती टांगलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट काडीनंच सांगितली. लेव्हल वरच्या खुणेच्या तब्बल दोन बोटं वर होती. गळतंय म्हणून घाबरून भाचा रोज लिटरभर ओतत होता, आणि गाडी गरम असतानाच, उतारावर उभी करून पाहत होता. ऑइल जास्त झालं की क्रँक त्यात बुडून फिरतो, तेल घुसळलं जातं, फेस होतो आणि गळती आणखी वाढते. लेव्हल पाहायची ती गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी, काडी एकदा पुसून.

दुरुस्ती

नवा ब्रीदर पाइप टाकला. आतून तेल सोसणारा, वळणावर चेपणार नाही असा, आणि खालचं टोक तिरकं कापलेला. ब्रीदरची जाळी काढून डिझेलमध्ये भिजवून साफ केली. जास्तीचं ऑइल खुणेपर्यंत उतरवलं.

यानंतर पुन्हा पावडर, पुन्हा रेस, पुन्हा ट्रे. बेल हाउसिंगचं भोक कोरडं राहिलं. म्हणजे दुसऱ्या मिस्त्रींनी टाकलेलं सील चांगलं बसलं होतं, त्यांची मजुरी वाया गेली नव्हती. पण चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून अजून पाझर होता, अर्ध्या तासात चमचाभर. हा दुखण्याचा नाही, औषधाचा मार होता. गळती थांबत नाही म्हणून तिथले बोल्ट पुन्हापुन्हा आवळले गेले होते. कॉर्कचं पॅकिंग तसं दाबलं की मधून फाटतं आणि बाहेर सरकतं, आणि चेंबरच्या पत्र्याची कड प्रत्येक बोल्टभोवती वर ओढली जाते. मग दोन बोल्टांच्या मधे फट राहते. आवळावं तेवढी फट वाढते.

चेंबर उतरवला. चाकांना दगड लावले आणि गाडीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी आधार ठेवले. नुसत्या जॅकवर मी कोणाला गाडीखाली शिरू देत नाही, पोराला तर अजिबात नाही. कड सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून प्रत्येक भोकाजवळचा उंचवटा हलक्या हातोडीनं बसवला आणि पट्टी लावून पाहिली. जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन खरवडून दोन्ही बाजू कोरड्या केल्या. नवं कॉर्क पॅकिंग, सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत आणि तेही पातळ. वाटीभर सिलिकॉन थापलं की ते आत निघून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं, आणि मग गळतीपेक्षा मोठं संकट येतं. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, छोट्या पान्यानं. पॅकिंग कडेनं जरासं फुगलेलं दिसलं की हात थांबवायचा.

उतरलेलं जळकं ऑइल डब्यात भरून ठेवलं. गावातले लोक ते बंडीच्या आखाला आणि उधळी लागू नये म्हणून लाकडाला लावायला मागतात, पण नाल्यात किंवा विहिरीजवळ ते एक वाटीसुद्धा सांडू नये.

एक गोष्ट काकाजींना बजावून सांगितली, कारण कापसाच्या गाडीला ती लागू आहे. पैशाचं नुकसान बाजूला ठेवलं तरी ऑइल गळती तशीच सोडायची नाही. भरल्या गाडीनं चढ चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इतका तापतो की त्यावर उडालेलं ऑइल धूर सोडतं. त्याच्याभोवती रुईचे तंतू तेलकट होऊन चिकटलेले असतात, आणि मागे पूर्ण डाला मोकळ्या कापसानं भरलेला असतो. इंजिन धुताना मॅनिफोल्डच्या मागून मूठभर तेलकट रुई निघाली होती. ती मी दोघांनाही दाखवली.

नंतरचं

पहिले दोन दिवस भाच्याचा फोन आला, थेंब पडतोय म्हणून. ते बेल हाउसिंगच्या सांदीत उरलेलं जुनं तेल होतं. रोज पुसायला आणि पुठ्ठा ठेवून डाग मोजायला सांगितलं. पहिल्या दिवशी सात डाग, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. नवी क्लच प्लेट नशिबानं फारशी भिजली नव्हती, भरल्या गाडीत घसरत नव्हती, म्हणून गिअरबॉक्सला हात लावला नाही. संक्रांतीनंतर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा हजारभर किलोमीटर होऊन गेले होते, आणि एवढ्या धावण्यात वरून पाऊण लिटर ऑइल लागलं होतं. आधी तेवढं एका दिवसात ओतावं लागायचं. काडीवर पट्टा नव्हता.

पाइपच्या तोंडाला जाळी लावावी का, असं भाच्यानं विचारलं होतं. मी नको म्हणालो. बारीक जाळीवर तेलाचा चिकटा आणि रुई बसून तीच बूच होते. पावसाळ्यात गाडी उभी करताना तोंडाला सैल फडकं बांधायचं, आणि त्याच फडक्याची लाल चिंधी स्टिअरिंगला बांधून ठेवायची, म्हणजे फडकं काढल्याशिवाय सेल्फ मारला जाणार नाही. या जूनमध्ये त्यांच्या गावाकडे गेलो होतो. ट्रक निंबाखाली उभा होता आणि काचेतून स्टिअरिंगवरची लाल चिंधी दिसत होती.